लोकांची सहानुभूती असली म्हणून आरोपी सोडावा काय?

तूरवाला_यवतमाळ
काल पानठेल्यावर अक्कू यादवचा विषय निघाला, नागपूरच्या कस्तुरबा नगर वस्तीत बायांवर अत्याचार करणारा गुंड. २००४ मध्ये नागपूरच्या कोर्टातच बायांनी मारला होता तो, अन् २०१४ ले सारे आरोपी पुराव्याअभावी सुटले. आमचा एक दोस्त म्हणे पुरावा असता तरी सोडायलेच पाह्यजे होतं, अमेरिकेत साध्या माणसांची ज्युरी राहते, तिच्या मनात आलं तं कायदा काही म्हणो ती 'निर्दोष' म्हणून मोकळी होते अन् कोणी जाब विचारत नाही. खरं हाय काय हे? मले तं वाटते आपल्याकडं बी असंच पाह्यजे.

मुन्शीजी
खरं हाय भाऊ. १६७० मध्ये लंडनले रस्त्यावर प्रवचन देल्लं म्हणून विल्यम पेनवर खटला झाला, ज्युरी काही केल्या दोषी म्हणेना, तं न्यायाधीशानं ज्युरीलेच उपाशी कोंडलं, दंड ठोकला. त्यातला बुशेल नावाचा गडी वरच्या कोर्टात गेला, तिथं ठरलं का निकालासाठी ज्युरीले शिक्षा करता येत नाही. तवापासून चालू हाय.

आपल्याकडं बी ज्युरी होती ना बावा. १९५९ चा नानावटी खटला, नौदलाचा कमांडर, बायकोच्या मित्राले, प्रेम आहुजाले, गोळ्या घातल्या. पेपरवाले त्याच्या बाजूनं, ज्युरी ८ विरुद्ध १ नं म्हणे निर्दोष. जजले पटलं नाही, त्यानं हायकोर्टात पाठवलं. बचाव होता का झटापटीत गोळी सुटली. पण आहुजा आंघोळ करून निघालेला, कमरेले नुसता टॉवेल, अन् मेल्यावरही टॉवेल जागच्या जागी! झटापटीत टॉवेल राह्यते काय? जन्मठेप झाली, १९६१ ले सुप्रीम कोर्टानं कायम केली.

मोहाडीची_ताई
तूरवाला दादा, सहानुभूती कोणाची ते तं सांगा आधी. १९५५ मध्ये अमेरिकेच्या मिसिसिपीत एमेट टिल नावाचं १४ वर्षांचं काळं पोरगं मारलं, ज्युरीत सारे गोरे, तासाभरात आरोपी सोडले, अन् पुढच्या वर्षी त्याच दोघांनी पैसे घेऊन मासिकात कबूल केलं का हो, आम्हीच मारलं. ते बी 'लोकांच्या मनासारखं'च झालं की.

आमच्याच तालुक्यात खैरलांजी हाय. २००६, एका दलित घरातले चार जीव गावातल्याच लोकांनी घेतले. त्या गावातूनच बारा माणसं ज्युरीले बसवली असती तं काय निकाल आला असता? मले विचारू नका, तुम्हीच सांगा.

तूरवाला_यवतमाळ
हे मान्य ताई, पण कस्तुरबा नगरच्या बायांचं काय? वर्षानुवर्षं तो माणूस वस्तीत घुसून अत्याचार करत राह्यला, बाया तक्रारी करून थकल्या, मग त्यांनी काय करायचं होतं, हात जोडून बसायचं? अन् त्याईले खुनी म्हणून शिक्षा ठोकायची म्हंजे लय झालं राव.

मुन्शीजी
म्हणून तं निकाल वेगळा अन् शिक्षा वेगळी ठेवली हाय. गुन्हा केला तं केला म्हणा, पण अचानक अन् गंभीर चिथावणी असली तं खुनाचं कलम खाली येते. नानावटीले तेच पाह्यजे होतं, पण तो आधी जहाजावर जाऊन रिव्हॉल्वर घेऊन आला, मधात तीनेक तास गेले, कोर्ट म्हणे यात अचानक काय? वरून राज्यपालांची माफी राहते, १९६४ मध्ये त्याले भेटली. आता त्याची ओळखपाळख मोठी, आपल्या वस्तीतल्या बाईसाठी माफीचा अर्ज कोण लिहिते हा खरा झोल हाय, मी वकिलाकडं रोज पाह्यतो.

मोहाडीची_ताई
अन् तक्रार न घेणाऱ्या पोलिसाचं?

मुन्शीजी
त्याले कलम हाय ताई, २०१३ पासून. बायांवरच्या ठरावीक गुन्ह्यांची तक्रार नोंदवली नाही तं ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरी, भारतीय न्याय संहितेत आता १९९. ठाण्यात हाकलून लावलं तं तीच तक्रार लेखी, पोस्टानं, एसपीले पाठवायची. स्पीड पोस्टानंच बरं, पावती सांभाळून ठेवा अन् झेरॉक्स घरी.