अलायसला मराठीत काय म्हणाल? टोपणनाव की उर्फ?

रेघोट्या: ऑफिसात नवीन आलेल्या मुलांसाठी टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करून कॉम्प्युटर चालवायच्या खिडकीत, वेळ वाचवायच्या युक्त्यांचं टिपण मराठीत लिहितेय. कंट्रोल-आर दाबून जुनी कमांड शोधा, सीडी डॅश मारून आधीच्या फोल्डरात परत जा, हे सगळं सरळ उतरलं आणि 'अलायस'ला, म्हणजे एखाद्या कमांडला आपण दिलेल्या नावाला, अडकले. मी 'टोपणनाव' लिहिलं, तर शेजारचे सर म्हणतात टोपणनाव माणसाला असतं, इथे 'उर्फ' पाहिजे.

सातबारा: उर्फच. आमच्या उताऱ्यावर आजोबांचं 'नारायण उर्फ नाना' असंच लागलंय, नावं दोन, माणूस एक, अलायस म्हणजे तेच की.

चिंचपाणी: पण क्रम बघा ना दादा. उर्फच्या आधी खरं नाव येतं आणि मागून हाकेचं. अलायसमध्ये उलटं, आधी आपलं छोटं 'एलएल', मग बरोबरचं चिन्ह, मग फोल्डरातली यादी तपशिलासह दाखवणारी खरी कमांड 'एलएस मायनस एल'. पोरं उर्फ वाचून उलटं टाइप करतील आणि ते चालणारच नाही.

मोडीवाचक: शिवाय उर्फ अरबी. टोपणनाव आपलं आहे. टोपण म्हणजे झाकण, खऱ्या नावावर घातलेलं, माझी आजी पितळी डब्याच्या झाकणाला टोपणच म्हणायची.

सातबारा: अरबी असलं तर काय बिघडलं? अर्ज, वकील, नक्कल सगळे तिकडूनच आलेत, आता ते आपलेच झाले.

चिंचपाणी: आणि 'आरएम' ही फाइल डिलीट करायची कमांड, तिच्या 'आरएम मायनस आय'ला पुन्हा 'आरएम' हेच नाव देतात त्याचं काय? म्हणजे डिलीट करायच्या आधी विचारतं. मी एकदा विचारणा न लावता अख्खं फोल्डर उडवलंय, दोन दिवसांचं काम गेलं, तेव्हापासून पहिलं हेच लावते. पण तिथे नाव तेच राहतं, वागणं बदलतं. टोपणनावही नाही नि उर्फही नाही.

मोडीवाचक: उलट झाकण तिथेच नीट बसतं! खरी आरएम खाली तशीच असते, आधी बॅकस्लॅश दिला की टोपण निघालं.

रेघोट्या: हे बॅकस्लॅशचं टिपणात घालते. बरं, कंट्रोल-आरला 'उलटा शोध' लिहिलंय, चालेल?

सातबारा: नको, अक्षरं उलटी वाचतं असं वाटेल. 'मागे शोध' करा.

मोडीवाचक: 'इतिहासात शोध'?

चिंचपाणी: जुन्या कमांडची यादी दाखवणाऱ्या कमांडचं नावच हिस्टरी आहे हो, तिला इतिहास लिहिलंत तर पोरांनी टाइप काय करायचं?