मदत हवी: तेलविहिरीच्या मॉडेलमधला घुमट पडतो आहे (अर्जंट)

बर्डीकर: मुलीचं विज्ञान प्रदर्शन सोमवारी आहे. फिश टँकच्या तळातून तेल सोडतो, त्यावर फनेल पालथं (हाच तेल धरायचा घुमट), फनेलची नळी वर बाटलीत. थोड्या वेळात फनेल आडवं अन् सगळं तेल वर. काय करू? 'गुगल करा' म्हणू नका.

हिंगणा_फिटर: तेल कोणतं? ढकलता कशानं?

वर्धारोड: एमसील लावून छिद्र बुजवा. आमची टाकी गळायची, आता थेंब नाही.

हिंगणा_फिटर: अहो, त्यांना गळती दाखवायचीच आहे!

बर्डीकर: सोयाबीन. मोटर आहे ना टँकची.

हिंगणा_फिटर: पाण्याची का बुडबुड्यांची?

बर्डीकर: बुडबुड्यांची. हवा तेलाच्या डब्यात जाते, तेल बाहेर येते.

रिगवाला_निवृत्त: मग तेलासोबत हवाही येऊन राहिली, तीच फनेल उचलते. 2010 च्या मे महिन्यात मेक्सिकोच्या आखातात समुद्रतळाशी गळणाऱ्या मॅकोंडो तेलविहिरीवर घुमट ठेवला तेव्हा असंच झालं. सुमारे 1,500 मीटर खोल, थंडगार पाणी. मिथेन वायू अन् पाण्याचे बर्फासारखे स्फटिक घुमटात साचले, तोंड चोंदलं, वर घुमट तरंगायला लागला. शंभरेक टनांचा लोखंडी डबा! मोटर काढा, मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा, फनेलच्या काठाला नट बांधा.

धंतोली७: घुमट सोडा, टॉप किल दाखवा. वरून जड चिखल दाबायचा.

रिगवाला_निवृत्त: तोही फसला. सोबत रबराचे तुकडे अन् गोल्फचे चेंडू कोंबले, तरी तेलाचा जोर भारी पडला. 15 जुलैला नवीन झाकण बसवून बंद केलं तेव्हा थांबलं.

धंतोली७: थांबलं म्हणजे संपलं नाही. बाजूनं दुसरी विहीर (रिलीफ वेल) तिच्यापर्यंत खणून सप्टेंबरात सिमेंट भरलं, तेव्हा कुठं विहीर मेली.

रिगवाला_निवृत्त: तोवर गळू द्यायचं होतं काय?

वर्धारोड: नीरी (पर्यावरण संशोधन संस्था) आपल्याच नागपुरात आहे, तिथं विचारा.

हिंगणा_फिटर: नीरीवाले रविवारी तुमचं फनेल धरायला येतील काय बे?

संत्री_बर्फी: काचेवरचं तेल बेसनानं मस्त निघते.

बर्डीकर: सिरिंज आणली, नट बांधले. फनेल पडत नाही, पण आता तेल नळीत चढते अन् मधेच थांबते!!

हिंगणा_फिटर: नळीत हवा असेल. आधी पाण्यानं भरून घ्या. अन् बाटली कुठं ठेवली?

बर्डीकर: वर फ्रिजवर. दिसली पाहिजे ना सगळ्यांना.

हिंगणा_फिटर: अरे देवा. तेल पाण्याच्या पातळीच्या बोटभरच वर जाईल, फ्रिजवर कशाला चढेल? खाली घ्या, टँकच्या काठाशी.