मदत हवी आहे : मलेरिया अँटीबॉडी पॉझिटिव्ह, स्मिअर निगेटिव्ह. प्रायमाक्वीन द्यायचं का?

दंडकारण्य
पेशंट एटापल्लीकडचा, पुरुष, वय ३४. ताप, थंडी. मलेरिया अँटीबॉडी पॉझिटिव्ह, स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) निगेटिव्ह. प्रायमाक्वीन या मलेरियाच्या औषधासह उपचार सुरू करू का? संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.

काचपट्टी
तापाचा दिवस कितवा? चाचणीचं कार्ड खरंच अँटीबॉडीचं (शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं), की अँटीजेनचं (परजीवीचीच प्रथिनं)? खोक्यावर एचआरपी-२ किंवा पीएलडीएच, म्हणजे परजीवीच्या प्रथिनांची नावं, लिहिलंय का ते बघा. दिसायला दोन्ही सारखीच असतात.

दंडकारण्य
अँटीबॉडीच, आयजीजी प्रकारची. वर लिहिलंय. ताप पाचवा दिवस. द्यायचं की नाही?

लालपेशी
त्या रिपोर्टवर नाही. गडचिरोलीतल्या जंगलपट्ट्यात वाढलेल्या माणसाला हिवताप कधी ना कधी होऊन गेलेला असतो, आणि आयजीजी पुढे महिनोन्‌महिने, पुन्हापुन्हा लागण होत राहिली तर वर्षानुवर्षं टिकतं. आजच्या तापाशी त्याचा संबंध असेलच असं नाही. उलट पहिल्यांदाच लागण झालेल्याला पाचव्या दिवशी अँटीबॉडी तयारही झालेल्या नसतात. टायफॉइडच्या विडाल चाचणीचीही तीच रड. अँटीजेन कार्ड लावा. ५ मायक्रोलिटर रक्त, बफर पत्रकाप्रमाणे, वाचन पत्रकातल्या वेळेतच. तासाभराने उमटलेली पुसट रेघ धरू नका.

काचपट्टी
नुसत्या कार्डावर विसंबू नका. एचआरपी-२ उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतं, म्हणजे जुना फाल्सिपेरम (मलेरियाच्या परजीवीची एक जात) नवा वाटतो. जाड स्मिअर पुन्हा काढा. त्याला मिथेनॉल लावायचं नाही, नाहीतर लाल पेशी फुटत नाहीत आणि परजीवी नीट दिसत नाहीत. काच उन्हात राहिली तरी तेच होतं. सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली १०० फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नये.

लालपेशी
१०० फील्ड नीट बघणारा माणूस प्रत्येक ठिकाणी कुठून आणायचा? पीएलडीएच परजीवी मेले की लवकर जातं. एचआरपी-२ आणि पीएलडीएच अशा दोन्ही रेघांचं कार्ड घेतलं की तुमचा आक्षेप बराचसा मिटतो.

रक्तगट
रक्तदानासाठी असेल तर मलेरियातून पूर्ण बरं झाल्यावर ३ महिने थांबावं लागतं. ब्रिटनमध्ये मलेरियाच्या देशांतून आलेल्या दात्यांची अँटीबॉडी बघतात. इथे ती चाळणी लावली तर निरोगी दातेच गळतील.

दंडकारण्य
रक्तदान नाही हो. सोमवारी गावात क्लोरोक्वीनच्या ४ गोळ्या घेतल्यात, त्याने फरक पडतो का?

काचपट्टी
फार पडतो! स्मिअर त्यामुळेच निगेटिव्ह असू शकतो. १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा काढा.

लालपेशी
आणि इथे एचआरपी-२ चं रेंगाळणं कामी येतं. गेल्या महिना-दीड महिन्यात फाल्सिपेरम झाला नसेल, तर ती रेघ आताच्याच लागणीची धरता येईल. मात्र व्हायव्हॅक्स ही परजीवीची दुसरी जात त्या रेघेत दिसत नाही.

निळीशाई
प्रायमाक्वीनची घाई करू नका. व्हायव्हॅक्सला किलोमागे ०.२५ मिग्रॅ १४ दिवस, फाल्सिपेरमला एसीटीसोबत (आर्टेमिसिनिनवर आधारित गोळ्या) दुसऱ्या दिवशी ०.७५ एकदाच. परजीवीची जात कळल्याशिवाय कुठला डोस देणार? जी-६-पीडी (लाल पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असेल तर प्रायमाक्वीनने रक्तपेशी फुटतात, लघवी काळी होते. काखेत, जांघेत, कमरेला काळी खपली शोधा, स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप) सुद्धा असू शकतो. गुंगी, कावीळ, लघवी कमी, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता आत्ताच दाखल करा.

दंडकारण्य
शुद्धीत आहे, कावीळ नाही. दोन रेघांचं कार्ड मागवलं, स्मिअर रात्री ९ ला पुन्हा. जी-६-पीडी लगेच करायची की जात कळल्यावर?

निळीशाई
सॅम्पल आत्ताच पाठवा.