रोजच्या गाडीला रन-फ्लॅट टायर: कोकणात परवडणारी गोष्ट आहे का?

जांभा (रत्नागिरी):
पावसाळी प्रवासाच्या चर्चेत ‘घाटवाट’ यांनी गेल्या आठवड्यात लिहिले की कोकणात राहणाऱ्या प्रत्येकाने पुढच्या वेळी रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे टायरच घ्यावेत, स्टेपनी ही मागल्या पिढीची अडगळ आहे आणि पावसात चाक बदलत बसणारा माणूस हा हौशी हुतात्मा आहे. त्या हुतात्म्यांत मीही मोडत असल्यामुळे सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

रन-फ्लॅटच्या बाजूच्या भिंती जाड आणि ताठ असतात, म्हणूनच हवा गेल्यावरही त्या गाडीचे वजन पेलतात आणि ताशी ८० किमीच्या आत राहिल्यास साधारण ८० किमी नेऊन सोडतात. परंतु हा ताठपणा हवा भरलेली असतानाही कुठे जात नाही. २०११ पासून चाललेल्या आपल्या मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात, अर्धवट पुलांच्या कडेने वळवलेल्या रस्त्यांवर, पाण्याने भरलेल्या खड्ड्याची धार चाकावर बसते तेव्हा साधा टायर दबून जो धक्का स्वतः खातो, त्यातला बराचसा रन-फ्लॅट रिमकडे ढकलतो. टायर शाबूत आणि अलॉय रिमला तडा, असा तो व्यवहार. आपल्याकडचे खरे दुखणे खिळा नसून खड्डा आहे, आणि हा टायर खिळ्यावरचे औषध आहे, तेही महागडे.

घाटवाट (देवरुख):
आपले विवेचन दिवसाउजेडी वाचायला छान आहे. आईची तपासणी आटोपून कोल्हापूरहून परतताना आंबा घाटात रात्री डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागला. धुके इतके होते की पुढच्या ट्रकचे मागचे दिवेही जवळ गेल्यावरच दिसत होते. त्या वळणावर जॅक लावून बसलो असतो तर मागून येणाऱ्याला मीही तितकाच उशिरा दिसलो असतो. गाडी मुळातच रन-फ्लॅटवर आलेली असल्यामुळे न थांबता, सावकाश साखरप्यापर्यंत उतरलो. सकाळी पाहिले तर ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा बोटभर तुकडा टायरच्या माथ्यात, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, रुतलेला होता. रिमच्या तड्याचा हिशेब तुम्ही करा, मी त्या रात्रीचा करतो.

ग्रीसचे हात (कणकवली, टायरचे दुकान):
त्या रात्री तो टायर कामास आला याबद्दल वाद नाही. तथापि आपली गाडी कारखान्यातूनच तशी आली होती, आणि सल्ला मात्र आपण ‘प्रत्येकाला’ दिलात. रन-फ्लॅटची हवा गेली तरी चालवताना ती जाणवेलच असे नाही, त्यामुळे हवेचा दाब सांगणारी यंत्रणा नसलेल्या गाडीला तो लावणे धोक्याचे आहे. माणूस तसाच वेगात जात राहतो आणि आतून तापलेली भिंत फाटते. त्याला रिमही शक्यतो असा लागतो की ज्याच्या आतल्या बाजूचा उंचवटा हवा गेल्यावर टायरची कड जागेवरून सरकू देत नाही. शिवाय छोट्या गाड्यांच्या १४ इंची मापात हा टायर सहसा मिळतच नाही. हवेविना धावलेल्या टायरची भिंत आतून किती चुरडली आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून मी असा टायर दुरुस्त करून देत नाही. त्यावरून शिव्या मात्र मीच खातो.

चाकरमानी (डोंबिवली, मूळ राजापूर):
शिव्यांचा विषय निघालाच आहे तर मूळ रोगाकडे वळू. चाक बदलणे अवघड झाले आहे ते टायरवाल्यांच्या, हवेच्या दाबाने नट आवळणाऱ्या एअरगनमुळे. गणपतीत कशेडीच्या अलीकडे पंक्चर झाले. सीएनजीच्या टाकीमुळे डिकीत उभी केलेली स्टेपनी काढण्यासाठी मखराचे सामान, फळांच्या पिशव्या आणि आत्याची ट्रंक रस्त्यावर मांडली, आणि मग कळले की नट हलतच नाहीत. पाना वाकला. शेवटी एका ट्रकच्या क्लीनरने पान्याला पाइप लावून, त्यावर उभे राहून एकेक नट सोडवला. असे नट आवळणारे लोक इथे सुरक्षिततेवर प्रवचन देत आहेत!

ग्रीसचे हात:
आपले नट मी आवळलेले नव्हते, एवढे आधी नमूद करतो. गिऱ्हाईक गाडीतून न उतरता ‘लवकर आटपा’ म्हणते, आणि सैल राहिलेले चाक निखळले तर तेच गिऱ्हाईक पोलीस घेऊन येते.

चाकरमानी:
म्हणून पाना वाकेपर्यंत आवळायचे? किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो, छोट्या गाड्यांना तो साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. ठरलेल्या जोराइतकेच नट आवळणारे टॉर्क रेंच नावाचे हत्यार कणकवलीपर्यंत पोहोचले नसेल तर डोंबिवलीहून पाठवतो.

ग्रीसचे हात:
पोहोचले आहे, साहेब, आणि शेवटचा आवळा मी त्यानेच देतो. डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाचा धीर मात्र अजून पोहोचायचा आहे.

बंदरवाट (मालवण):
पाना कोणी किती आवळावा यावर आपली कुस्ती संपली असेल तर, रोज एकटी गाडी चालवणारी बाई म्हणून सांगते की रात्री सुनसान रस्त्यावर थांबावे लागू नये, हे माझे पहिले मागणे आहे आणि तेवढ्यापुरते मला घाटवाट यांचे पटते. माझ्या हॅचबॅकला तो टायर मिळत नाही, हे मान्य. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या लहान गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. पण त्या संचातला द्रव माथ्यातले बारीक छिद्र बुजवतो, खड्ड्याने कापलेली भिंत नाही. म्हणून मी छोटा कंप्रेसर ठेवते. हवा हळूहळू जात असेल तर ती भरून उजेडात, माणसांत येता येते. स्टेपनीही ठेवते, आणि टायरवाल्याकडून निघण्यापूर्वी गाडीतल्याच पान्याने एक नट सोडवून, पुन्हा आवळून पाहते. तो मला सुटला नाही तर मी पैसे देत नाही.

जांभा:
ताईंचा शेवटचा नियम टायरच्या दुकानावर पाटी करून लावावा. घाटवाट यांच्यासाठी एवढे मान्य करतो की ज्यांची गाडी मुळातच अशा टायरवर आली आहे, जे रात्री-अपरात्री घाट ओलांडतात आणि ज्यांना रिमच्या किमतीचे काही वाटत नाही, अशा भाग्यवंतांनी रन-फ्लॅट जरूर ठेवावेत. आम्ही उरलेले हुतात्मे आपल्याला रस्त्याच्या कडेने हात दाखवू.

घाटवाट:
‘प्रत्येकाने’च्या जागी ‘ज्यांना शक्य आहे त्यांनी’ असे वाचावे. बाकी शब्दावर ठाम आहे. ग्रीसचे हात यांना एक विचारणा: साखरप्याचा तो टायर बदलायचा आहे. रत्नागिरीत माप शिल्लक नाही, कोल्हापूरचा दुकानदार मागवून देतो म्हणतो पण तारीख सांगत नाही, आणि गाडीत स्टेपनीची जागाच नाही. तोपर्यंत त्या एका चाकाला साधा टायर चालेल काय?

ग्रीसचे हात:
एका आसावर एक ताठ आणि एक साधा, असे लावू नये. ब्रेक मारताना आणि वळणावर दोन्ही बाजू सारख्या वागणार नाहीत. टायरच्या भिंतीवरच्या मापाचा फोटो पाठवा, मुंबईत विचारतो. तोवर गाडी उभीच ठेवा.

जांभा:
घाटवाट, तपासणीसाठी आईंना पुन्हा कोल्हापूरला न्यायचे असेल तर कळवा. माझी गाडी आहे, स्टेपनीसकट.