इन्क्लूड केलं की पान कोरं येतंय, मदत हवी आहे

वैतागलेला_वेबवाला: पीएचपीत साइट आहे. मुख्य पान झकास चालतं, अ‍ॅडमिनचं कोरं येतं. दोन्हीकडे हेडरची फाइल इन्क्लूड करून, म्हणजे पानात ओढून घेतलीय. तिचा पाथ बरोबर आहे, तपासलाय. उद्या क्लायंटला दाखवायचंय, लवकर सांगा.

खवचट_काका: एरर काय येते?

वैतागलेला_वेबवाला: कोरं म्हटलं ना!

खवचट_काका: मग डिस्प्ले एरर्स, म्हणजे पानावर एरर दाखवायचं सेटिंग, बंद असणार. एरर लॉगची शेवटची ओळ टाका. नुसत्या इन्क्लूडला फाइल मिळाली नाही तर वॉर्निंग येते आणि पान पुढे चालतं. रिक्वायरला मिळाली नाही तर पान तिथेच थांबतं. पान मध्येच मरतंय म्हणजे बहुतेक कुठेतरी रिक्वायर आहे.

नवा_गडी: लारावेल फ्रेमवर्क घ्या, इन्क्लूडची कटकटच संपते.

खवचट_काका: उद्यापर्यंत?

गोदाकाठ: फाइलच्या सुरुवातीला बॉम (न दिसणारे एन्कोडिंगचे बाइट्स) आला असेल. मला 'हेडर्स ऑलरेडी सेंट' यायचं, एन्कोडिंग बदलून सेव्ह केल्यावर गेलं.

खवचट_काका: ते दुखणं वेगळं.

वैतागलेला_वेबवाला: लॉगमध्ये 'फेल्ड ओपनिंग रिक्वायर्ड ./इन्क/डीबी.पीएचपी' आहे. पण अ‍ॅडमिनच्या पानात मी डीबीची (डेटाबेसची) फाइल मागवलेलीच नाही!

खवचट_काका: हेडरने मागवली असेल. हेडर कुठे आहे?

वैतागलेला_वेबवाला: इन्कमध्येच, डीबीच्या शेजारी. मग सापडायला काय होतंय?

खवचट_काका: टिंब-स्लॅशने सुरू होणारा पाथ हेडर कुठे आहे ते बघत नाही. चालू डिरेक्टरीपासून मोजतो, म्हणजे ब्राउझरने मागितलेल्या पानाचा फोल्डर. म्हणून तो आता अ‍ॅडमिनच्या आत इन्क शोधतोय. हेडरमध्ये असं लिहा: रिक्वायर __डिर__ . '/डीबी.पीएचपी', (डिरची अक्षरं अर्थातच इंग्रजी कॅपिटल.) डिर म्हणजे हेडर ज्यात आहे तो फोल्डर. पुढचा स्लॅश गाळू नका, डिरच्या शेवटी तो नसतो.

जुनं_खोड: डिर पीएचपी 5.3 पासून आहे, आमचं त्याहून जुनं. आमच्या सर्व्हरवर डिरनेम आणि फाइल असंच लिहावं लागतं.

नवा_गडी: 5.3 तर 2009 चं! सर्व्हर बदला आधी.

जुनं_खोड: चालतोय की. उगाच कशाला हात लावायचा?

नवा_गडी: सिक्युरिटी पॅच मिळत नाहीत म्हणून.

वैतागलेला_वेबवाला: तुमचं भांडण दुसरीकडे न्या. पान आलं. पण आता मेनू दोनदा दिसतोय.

गोदाकाठ: रिक्वायर वन्स लावा, काम तमाम.

खवचट_काका: आधी शोधा, मग लावा. मेनू हेडरमध्येही आहे आणि पानातही?