हुमाबोनचं धर्मांतर आणि ती मूर्ती

'फिलिपिन्समधल्या सेबू बेटाचा राजा हुमाबोन मनापासून ख्रिस्ती झाला', हे मत मला पटत नाही. १४ एप्रिल १५२१ला बाप्तिस्मा घेऊन तो कार्लोस झाला, बायको हुआना झाली. पण स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख दर्यावर्दी मॅगेलन याच्याशी दोस्ती म्हणजे तोफांचा आधार, हे त्याला कळत होतं. २७ एप्रिलला शेजारच्या मॅक्तान बेटावरच्या लढाईत मॅगेलन मारला गेला आणि १ मेला याच हुमाबोनने स्पॅनिशांना मेजवानीला बोलावून कापून काढलं!

राणीचं मात्र वेगळं वाटतं. मॅगेलनच्या सफरीचा वृत्तांत लिहिणारा पिगाफेत्ता सांगतो की बाळ येशूची लाकडी मूर्ती तिने आपल्या देवांच्या जागी ठेवायला मागून घेतली. मूर्ती जेमतेम फूटभर. १५६५ला पुन्हा सेबूवर आलेल्या स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख लेगास्पी याच्या सैनिकांना ती जळालेल्या वस्तीतल्या एका घरात, पेटीत जपून ठेवलेली सापडली. पाद्री नसताना ४४ वर्षं!