सुई टोचली, कागद कुठाय? घरच्या प्राण्यांच्या रेबीज लशीचे अनुभव सांगा

मंगळवारी सकाळी आमच्या बोक्याने इस्त्रीवाल्या मामांचा हात फोडला. चूक आमचीच. मामा कपड्यांचं गाठोडं उचलायला वाकले आणि त्या गाठोड्यात हे महाशय झोपलेले. अंगठ्याखाली दोन दात रुतले, चांगलं रक्त आलं. "ताई, चुना लावा, बास होतंय," असं मामा म्हणत असताना त्यांचा हात नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुतला आणि रिक्षाने महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं असेल? "मांजर घरचं ना? लस झालीय?" मी ठणकावून "हो" म्हटलं.

घरी येऊन कार्ड काढलं. शेवटची सुई चौदा महिन्यांपूर्वीची. वर्षाची मुदत संपून दोन महिने झाले होते आणि मी भर दवाखान्यात ठणकावून आले होते. (बोक्याला लस असती तरी मामांची इंजेक्शनं चुकली नसती, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी लाज वाटायची ती वाटलीच.) मामांच्या जखमेत सीरम (रेबीजविरोधी तयार अँटीबॉडी) दिलं, दंडात लशीचा पहिला डोस झाला. बोक्यावर दहा दिवस नजर ठेवायची आहे. आज चौथा दिवस. जेवतोय, ओरबाडतोय, नेहमीसारखाच उद्धट आहे.

तर मंडळी, तुमच्याकडे हा कागद कधी, कोणी मागितला? तेव्हा तो सापडला का? फजिती झाली असेल तर तीही लिहा.

डोंबिवली

आमची लॅब्राडोर. पहिल्या वर्षी डॉक्टरांकडे चार फेऱ्या झाल्या, कार्डावर रंगीबेरंगी स्टिकर. 'नाइन इन वन' दिलंय म्हटल्यावर मी समजलो, नऊ रोगांत रेबीज असणारच. दीड वर्षाने परवान्याचा अर्ज भरताना कळलं की रेबीजची सुई वेगळी असते आणि ती तीन महिन्यांची झाल्यावर द्यायची राहूनच गेली होती. आधीच्या डॉक्टरांनी सांगितलं नसेल असं नाही, मीच ऐकलं नसेल. आता फ्रिजवर चुंबकाने मोठ्या अक्षरात तारीख लावलीय.

कोथरूड

माझं उलटं. मांजराचं पिल्लू दोन महिन्यांचं असताना मीच डॉक्टरांच्या मागे लागले होते, आजच द्या म्हणून. ते देईनात. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण अंगात असतं तोवर लस नीट धरत नाही, तीन महिन्यांची होऊ दे, म्हणाले. तेव्हा राग आला होता.

चौथ्या मजल्यावरचं, कधी खाली न उतरलेलं मांजर, त्याला कशाला लस, असं सासूबाई अजून म्हणतात. पण पुण्यात आता मांजरालाही महापालिकेचा परवाना लागतो आणि परवान्याला रेबीजचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे वाद संपला. शिवाय वटवाघळं आमच्या ग्रिलला येऊन लटकतात ते वेगळंच.

म्युनिक, मूळची नाशिककर

हे सविस्तर लिहिते, कारण माझे साडेचार महिने यात गेलेत.

नवऱ्याला इकडे नोकरी लागली तेव्हा आमचा इंडी कुत्रा चार वर्षांचा होता. दरवर्षी न चुकता लस. फाइलच होती त्याची, स्टिकरसकट. मी निर्धास्त. युरोपात न्यायचं तर मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची, ओळख क्रमांक असलेली बारीक चिप) हवी असं कळल्यावर चिप बसवून घेतली आणि रक्त तपासायला द्यायला गेले. डॉक्टरांनी तारखा बघितल्या आणि पेन खाली ठेवलं. चिप आधी, लस नंतर, हा क्रम. चिपच्या आधीच्या सगळ्या सुया युरोपच्या हिशेबात शून्य! कारण ती लस याच कुत्र्याला दिली हे सिद्ध कसं करणार? तर्क बरोबर आहे, पण ऐकताना डोळ्यांत पाणी आलं.

मग पुन्हा लस. तिथून किमान तीस दिवस थांबून रक्ताचा नमुना, तोही युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचा. प्रतिपिंडांचं (अँटीबॉडीचं) प्रमाण मिलीलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा वर हवं. ते भरपूर आलं. पण युरोपीय संघाच्या मान्य देशांच्या यादीत भारत नाही, आणि यादीबाहेरच्या देशांसाठी रक्त घेतल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचं असतं. नवरा पुढे गेला. मी आणि कुत्रा सासूबाईंकडे गंगापूर रोडला. ज्या बाई कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घेत नव्हत्या, त्या तिसऱ्या महिन्यात त्याला दशम्या भरवत होत्या.

शेवटी मुंबईच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) केंद्रातून आरोग्याचा दाखला घेतला आणि निघालो. इथल्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने चिप वाचली, पंधरा आकडे कागदाशी ताडले, शिक्का मारला. चार मिनिटं! चार मिनिटांसाठी साडेचार महिने.

ज्यांना परदेशी जायची नुसती शक्यता वाटतेय, त्यांनी पिल्लाला पहिल्या रेबीजच्या आधीच चिप बसवा. आणि पुढचे बूस्टर चुकवू नका. मुदतीत दिले तर रक्ततपासणी पुन्हा करावी लागत नाही, एक दिवस चुकला की सगळं पहिल्यापासून.

माण तालुका, जि. सातारा

पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. शहरातली मंडळी कार्डाबद्दल लिहितायत, आमच्याकडे आधीचा प्रश्न असा की कुत्रं कुणाचं? वस्तीवर लस घेऊन गेलो की विचारायचो, हा तुमचा का? "न्हाय, आमचा न्हाय. दारात असतोय." भाकरी यांची, राखण यांची, नाव यांनी ठेवलेलं, पण सुईची वेळ आली की गावाचा. त्याने कुणाला चावलं तर मग अजिबातच कुणाचा नाही. मी शेवटी 'कुणाचा' हे विचारायचंच सोडलं. "याला धरंल कोण?" एवढंच विचारायचो. जो धरील तो मालक, त्याचं नाव वहीत.

दुसरं, लस दोन ते आठ अंशांत राहायला पाहिजे. तालुक्याच्या औषध दुकानातून लोक बाटली शर्टाच्या खिशात घालून, एसटीने, चैत्राच्या उन्हात आणायचे. अशी बाटली मी टोचत नसे. लोक चिडायचे, पैशे गेले म्हणून. बर्फाच्या डब्यातून आणा म्हणून सांगून सांगून थकलो.

आणि म्हैस विसरू नका. पिसाळलेल्या कुत्र्याने म्हशीला ओरबाडलं आणि पुढे ती हंबरून हंबरून मेली की तिचं दूध प्यालेला सगळा वाडा दवाखान्याच्या दारात. उकळलेल्या दुधाने हा रोग होत नाही, पण घाबरलेल्या माणसाला ते पटवणं अवघड. एका राखणीच्या कुत्र्याला वेळेवर लस दिली असती तर म्हैस वाचली असती. ७० हजारांची म्हैस, लशीची किंमत तुम्हीच काढा.

परळ

वय ६८. आमच्या वाडीत १९७०च्या दशकात मोती नावाचा कुत्रा होता. लस बिस काही नाही. तो पिसाळला आणि घरातल्या सात जणांना पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली. रोज एक, चौदा दिवस. बेंबीभोवती घड्याळाच्या आकड्यांसारख्या जागा ठरलेल्या. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस. तिचं उत्पादन आपल्याकडे २००४ अखेर बंद झालं, हे नंतर वाचलं. तरुण मुलांना वाटतं आम्ही किस्सा रंगवून सांगतो. धाकटी बहीण अजून कुत्रा दिसला की नकळत पोटावर हात ठेवते.

मोतीनंतर वडिलांनी प्राणी ठेवला नाही. मी ठेवला. त्याला दरवर्षी बैलघोडा हॉस्पिटलात नेतो. तिथे लस देऊन घरी येईपर्यंत मला बोलायला आवडत नाही, असं बायको म्हणते.

म्हापसा

आमच्या गोंयात हा प्रश्न लोकांच्या दारावर येऊन सुटला. मिशन रेबीज या संस्थेचे लोक २०१४ पासून दरवर्षी गल्ली गल्ली फिरतात. रस्त्यावरच्या कुत्र्याला जाळ्यात धरून सुई, कपाळावर रंगाचा पट्टा, मोबाइलवर नोंद. पाळलेला असेल तर मालकाने धरायचा, फुकटात लस. पहिल्या वर्षी आमची आजी दार लावून बसली होती, यांनी आमचा टायगर पळवला तर, म्हणून. आता त्यांची गाडी दिसली की तीच हाक मारते. २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनी राज्य रेबीजमुक्त जाहीर केलं. तरीही गाडी येणं थांबलेलं नाही आणि थांबूही नये असं मला वाटतं. सीमेपलीकडून कुत्री येतात, त्यांना थोडीच पास लागतो.

ऑस्टिन, टेक्सस

वटवाघळांचं वाचून लिहितोय. आमच्या शहरात पुलाखाली लाखो वटवाघळं राहतात, संध्याकाळी लोक बघायला जमतात. त्यातलं एक आमच्या बाल्कनीत पडलं आणि घरातल्या मांजरीने तोंडात धरून हॉलमध्ये आणलं. टेक्ससमध्ये कुत्रा आणि मांजर दोघांनाही चार महिन्यांच्या आत रेबीजची लस कायद्याने सक्तीची आहे. आमची घेतलेली होती, मुदतीत होती. हातमोजे घालून वटवाघूळ डब्यात भरलं, ते तपासणीला गेलं, मांजरीला तात्काळ बूस्टर मिळाला.

निकाल यायच्या आधी प्राणी विभागाच्या बाईंनी शांतपणे नियम सांगितला. वटवाघळात रेबीज सापडला तर लस झालेल्या मांजरीला ४५ दिवस वेगळं ठेवायचं. लस नसती तर कायमचं झोपवणं, नाहीतर ९० दिवस कोंडणं. निकाल नकारात्मक आला. पण ते दोन दिवस मी कार्ड खिशात घेऊन फिरत होतो, जणू पासपोर्ट.

जाता जाता, भारतातून इकडे कुत्रा आणणाऱ्यांसाठी: १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदललेत. कुत्रा किमान सहा महिन्यांचा, चिप, लशीचा सरकारी दाखला आणि मान्य प्रयोगशाळेचा रक्त अहवाल. उतरायचंही ठराविक विमानतळांवरच. रक्त अहवाल नसेल तर २८ दिवस संगरोध, तोही आपल्या खर्चाने.

तोक्यो

इथे देशातला शेवटचा रेबीज १९५०च्या दशकातला. तरी १९५०च्या कायद्याने कुत्र्याची नोंदणी आणि दरवर्षी लस बंधनकारक आहे. वसंतात वॉर्ड ऑफिसचं पोस्टकार्ड येतं आणि जवळच्या बागेत टेबल मांडून रांगेत सुया. मी एकदा शेजारच्या आजोबांना विचारलं, रोगच नाही तर कशाला? त्यांनी कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला सरळ केला आणि म्हणाले, "रांग पुढे गेली." एवढंच.

कुडाळ

दादरहून कुत्रा रेल्वेने आणायचा होता. फर्स्ट एसीचा कूपे मिळाला, पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला काढला, लशीचं कार्ड घेतलं. पार्सलच्या खिडकीवर कार्ड बघितलं तर नोंद पेनाने लिहिलेली, वर ना बाटलीचं स्टिकर ना डॉक्टरांचा शिक्का. क्लार्क म्हणाला, "हे मी पण घरी लिहू शकतो." बरोबरच होतं की! गाडीला तीन तास होते म्हणून टॅक्सीने जाऊन शिक्का आणला. लस घेतल्यावर तिथल्या तिथे स्टिकर, बॅच नंबर, शिक्का, नोंदणी क्रमांक बघून घ्या.

धागाकर्ती

आज दहा दिवस पूर्ण. बोका ठणठणीत, लस परवाच देऊन आणली, शिक्का दोनदा तपासला (कुडाळकरांना धन्यवाद). मामांचे तीन डोस झाले. डॉक्टरांनी अठ्ठाविसाव्या दिवसाचाही घ्या सांगितलंय, आणि तारीख मी माझ्या फोनमध्ये लावलीय, त्यांच्यावर सोडली नाही.

हे दहा दिवस मामा रोज सकाळी कपडे न्यायच्या निमित्ताने दारात उभे राहून विचारायचे, "ताई, बोका हाय न्हवं?" आज मी आपणहून त्याला उचलून दाखवायला गेले. मामा दोन पावलं मागं सरकले. "असू दे, असू दे. लांबूनच बरा दिसतोय."